मीनाळच्या शेजारची जागा

माझं सगळं बघणं पालथं असतं, मित्रांनो. मी एक जुना स्कॅनर. फोटो माझ्या काचेवर उपडा ठेवतात, झाकण लावतात, माझा दिवा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकतो आणि तेवढ्यात मी तो चेहरा निरखून घेतो. पुढे त्या चेहऱ्याचं काय झालं ते मला दिसत नाही. कानावर पडेल त्यावरून जुळवावं लागतं, आणि मला तर नसत्या चौकशा फार.

चेन्नईच्या एका ऑफिसात मी चार वर्षं नुसते अर्ज बघितले. कंटाळून गेलो होतो. भंगारात निघालो तेव्हा पूंगोडीनं मला उचललं. कारैक्कुडीच्या बसस्टँडमागे तिचं फ्लेक्स बॅनरचं दुकान होतं. बारसं असो, कान टोचणं असो की लग्न, आमच्या गावात बॅनरशिवाय पान हलत नाही. घरोघरचे फोटो माझ्यावर यायचे. पूंगोडी कॉम्प्युटरवर त्यातली माणसं कातरायची आणि एका रांगेत उभी करायची. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ तिथं खांद्याला खांदा लावून हसायचे. पाच फोटोंतली पाच माणसं एकाच उन्हात उभी वाटावीत, असा तिचा हात साफ. लोक म्हणायचे, पोरीच्या बोटांत जादू आहे. मी मनात म्हणायचो, आणि माझी काच काय माती खाते?

या कामाचा एक नियम होता. जिवंत माणसाचे पाय खाली जमिनीवर. गेलेला माणूस वर कोपऱ्यात, लंबगोलात, आणि खाली समई.

आवणी हा आमच्याकडचा लग्नांचा महिना, नुसती झुंबड उडाली होती. शिवकामी आच्ची आपल्या नातीच्या, वळ्ळीच्या लग्नाचा बॅनर सांगायला आल्या. सोबत मुलाचा, म्हणजे वळ्ळीच्या बापाचा फोटो. चोक्कलिंगम एकोणीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी पेनांगला गेला. दोन वर्षं पत्रं आली, मग काहीच नाही. त्याची बायको मीनाळ अजून कुंकू लावत होती. आच्चींनी बजावलं, त्याला मीनाळच्या शेजारी उभा कर. मी फोटो बघितला. काळापांढरा, लग्नाआधीचा, कॉलर वाकडी, कडेला बुरशीचे डाग.

त्या दिवशी अकरा बॅनर होते. पूंगोडीचं लक्ष घड्याळाकडे आणि हात सवयीवर. असले डागाळलेले फोटो तिच्याकडे नेहमी गेलेल्यांचेच यायचे. हातानं आपला नियम पाळला आणि चोक्कलिंगम वर कोपऱ्यात गेला.

लग्नाच्या आदल्या दुपारी बॅनर कार्यालयाच्या दारावर चढला. घटकाभरात आच्ची दुकानात हजर.

"जित्या माणसाला दिवा लावलास?" एवढंच बोलल्या.

तिकडे कुजबुज सुरू झाली होती. वळ्ळीची मोठी काकू म्हणे बोललीसुद्धा, की आता कन्यादानाला मीनाळ कशी पुढे येणार, आम्हीच बसतो. लेकीच्या मांडवात आईनं पुढे उभं राहायचं की मागच्या रांगेत बसायचं, हे आता त्या लंबगोलावर येऊन ठेपलं. पूंगोडीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं आच्चींचे पाय धरले, तासाभरात दुसरा छापते, त्यांना खाली उभं करते, म्हणाली.

"ते पण नको." दारातून आवाज आला. मीनाळ आली होती.

पूंगोडीनं विचारलं, "मग अक्का, त्यांना कुठं ठेवू?"

साधा प्रश्न, मित्रांनो. पण एकोणीस वर्षांत तो मीनाळला कुणी विचारला नव्हता. ती स्टुलावर बसली आणि रडली. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, ती काय सांगते याची उत्सुकताही तेवढीच वाटली.

"मला ठाऊक नाही ग," ती शेवटी म्हणाली. "आहेत म्हणावं तर खोटं, गेले म्हणावं तर जीभ रेटत नाही. माझ्या शेजारी एका माणसाची जागा सोड. तिथं जमीन दिसू दे, मागची भिंत दिसू दे. बस्स."

लोक काय म्हणतील, असं आच्ची पुटपुटल्या.

"अत्तै," मीनाळ सासूला म्हणाली, "लोक एकोणीस वर्षं म्हणतातच आहेत. उद्या मी वळ्ळीजवळ उभी राहणार."

माणूस चिकटवणं सोपं, मोकळी जागा करणं महाकठीण. जमीन आणायची कुठून? पूंगोडीनं जवळच्या आत्तंगुडी गावात बनते तशी एक नक्षीची फरशी आणून चक्क माझ्या काचेवर ठेवली. माझी हाडं कुरकुरली, पण अर्ज आणि चेहरे सोडून दुसरं काहीतरी मी प्रथमच निरखलं. दुसऱ्या दिवशी नवा बॅनर दारावर होता आणि मीनाळ मांडवात वळ्ळीजवळ उभी राहिली. काकू मागच्या रांगेत जाऊन बसली. आच्ची मात्र पूंगोडीशी बोलेनाशा झाल्या.

त्यानंतर पूंगोडी फावल्या वेळात स्वतःसाठी चित्रं जुळवू लागली. घरोघरचे जुने फोटो, साड्यांचे काठ, बसची तिकिटं, आणि प्रत्येकात कुणाची तरी राखलेली जागा. मोबाईल आले तशी गिऱ्हाइकं मला विसरली, पण ती मला विसरली नाही. चेन्नईत तिचं प्रदर्शन भरलं. तिथल्या जाणकारांनी या कामाला डिजिटल कोलाज म्हटलं. ती हसून म्हणाली, आम्ही याला बॅनरच म्हणायचो. पुढे कोचीला, मग कोलंबोलाही तिची चित्रं गेली.

चेन्नईला मीनाळची परवानगी घेऊन तिनं तो बॅनरही लावला होता. मीनाळ सासूला घेऊन बघायला गेली. आच्ची त्याच्यासमोर उभ्या होत्या. तेवढ्यात कुणी एक तरुण मोबाईलवर फोटो काढून घ्यायला नेमका त्या मोकळ्या जागेसमोर जाऊन उभा राहिला.

आच्चींनी त्याच्या दंडाला हात लावला. "जरा सरक बाळा," त्या म्हणाल्या. "मागं माझा मुलगा आहे."

पूंगोडीनं दुकानात सांगितलं तेव्हा हे माझ्या कानावर पडलं.

मित्रांनो, कातरणं-चिकटवणं आता तुमच्या खिशातल्या फोनवर होतं. खुशाल करा. फक्त कुणाला कुठं उभं करायचं, ते त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्यांना आधी विचारा.