साळूबाईचं एकच डांगर

बहात्तरच्या दुष्काळात पारनेरच्या माळावरल्या त्या गावात काय पिकलं असंल, तर साळूबाईचं डांगर, म्हंजी लाल भोपळा. दुसरं काय न्हाई. विहिरीच्या तळाला बेडकं बी ऱ्हायली नव्हती. पन भांडी घासलेलं पानी, हातपाय धुतलेलं पानी, सगळं म्हातारीनं मोरीतनं त्या एका येलाला पाजलं. सून चांगुणा आंघोळीला बसली की ही बाहेर पहाऱ्याला, थेंब कुठं वाया जातो का बघत. येलाला एकच डांगर धरलं. मधी शेळीनं दात लावला, तिथं वळ उठला, पन गडी वाढला. चांगला घागरीएवढा झाला.

ते राखलं हुतं कापनीच्या सनाला. गावाबाहेर ख्रिस्ती लोकांची पंधरा-वीस घरं. सुगी झाली की एका रविवारी घरटी मानसं गात गात देवळात यायची. कुनी कनसं, कुनी कोंबडा, कुनी टोपलंभर मटकी देवापुढच्या टेबलावर ठेवायचं, आन् पाळक डोळे मिटून त्या घराची प्रार्थना करायचे. मग लिलाव. लिलावाची रीत अशी, की घेनाऱ्यानं वस्तू घरी न्यायचीच न्हाई. बोली द्यायची, वस्तू परत टेबलावर, आन् पुन्हा लिलाव. एकेका कोंबड्याला सात-सात मालक व्हायचे. दुपारपातूर कोंबडा बी चक्रावून जायचा, की आपन नेमके कुनाचे.

औंदा मात्र समदी वस्ती दुष्काळी कामावर खडी फोडत हुती आन् सरकारनं वाटलेल्या लाल मिलोच्या, म्हंजी परदेशी जवारीच्या, भाकरी खात हुती. पाळक दानियेल सायकलवरनं आले आन् म्हनले, या साली सन नको, त्या दिवशी उपास-प्रार्थना धरू.

साळूबाई म्हनली, "साहेब, उपास आमी आखाडापासनं धरलाय. देवाला बी आता त्याचा कंटाळा आला असंल."

पाळक हसले न्हाईत. मानूस चांगला, पन हसायचं उद्यावर टाकनारा. त्यांनी समजावून सांगितलं, की लोकच नको म्हनत्यात. देवाच्या दारात रिकाम्या हातानं जायचं न्हाई ही वाडवडलांची रीत. सन धरला आन् कुनीच आलं न्हाई, तर गरिबाची लाज चव्हाट्यावर यायची.

"समदी घरं येतील," साळूबाई बोलून गेली. "आन् भरल्या हातानं येतील."

निम्मी घरं आली तरी सन करू, पाळक म्हनले, आन् सायकल काढली. साळूबाई मग इचारात पडली. जीभ उचलून टाळ्याला तर लावून झाली, आता भरले हात आनायचे कुठनं?

तिला सन पाहिजे हुता तो चांगुणासाठी. गोरक्षानं, म्हंजी तिच्या लेकानं, बैलं राहुरीकडच्या चाऱ्याच्या छावनीत नेली हुती. त्यातला एक तिकडंच मेला. चांगुणानं त्याला वासरू असताना बोटानं दूध चाटवून वाढवलेला. तवापासनं पोरीनं गानं सोडलं. समद्या वस्तीत गळा तिचा, आन् ती देवळाची पायरी चढंना. सासूनं इचारलं तर म्हनाली, "हातात काय न्हाई, पोटात काय न्हाई, मग गळ्यातनं काय काढू?"

साळूबाईचा म्हातारा, देव त्याला सुखात ठेवो, एक म्हनायचा: सुगी आली तर देव आन् दुष्काळ आला तर भिंतीकडं तोंड, असली सोयरीक आपली न्हाई. खळं रिकामं हाय म्हनून देव रिकामा व्हतो व्हय? साळूबाईनं हे सुनेला सांगून बघितलं. पन सांगून कुनी हसतंय का? हसायला कायतरी घडावं लागतं.

म्हनून तिनं घडवायचं ठरवलं. शेजारच्या भागूबाईला गाठलं आन् कानात काय ते सांगितलं. भागूबाई आधी तोंडावर पदर घेऊन बसली, मग पदरातच खिदळाया लागली. दोघी मिळून घरोघर फिरल्या. कुनी नको म्हनलं, कुनी पाप लागंल म्हनलं. पन हसू आल्याबिगर कुनी ऱ्हायलं न्हाई, आन् बिचाऱ्यांना हसून लई दिवस झाले हुते. चांगुणानं तेवढं दार लावून घेतलं.

रविवार आला. टेबल लहान, म्हनून टेबलावरचं उचलून मागच्या कोपऱ्यात चादरीआड मांडायचं काम दरसाली साळूबाईचंच. त्या कोपऱ्यालाच एक बिनगजाची खिडकी.

पैलं घर भीमाचं आलं. गात गात, फडक्यात डांगर. पाळकांच्या भुवया चढल्या. त्यांनी डोळे मिटले आन् प्रार्थना सुरू केली. साळूबाईनं डांगर उचललं, चादरीआड गेली, खिडकीतनं भागूबाईच्या हातात दिलं. भागूबाई पळत पुढच्या दाराला. दुसरं घर आलं, टोपल्यात डांगर. तिसरं आलं, डांगरावर रुमाल बांधलेला. चौथ्यानं त्याला लेकरावानी झोळीत घातलं हुतं. दुष्काळात एवढी डांगरं बघून पाळकांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

सहाव्या का सातव्या घराला भागूबाईला दम लागला. पळायचं वय हाय का तिचं? साळूबाईनं खिडकीतनं हात काढला, तर बाहेर कोनच न्हाई. इकडं प्रार्थना सरत आलेली. तिनं तिरपं बघितलं, तर पाळकांचा एक डोळा उघडा. तो डोळा तिच्यावर, तिथनं डांगरावर, डांगरावरल्या शेळीच्या दाताच्या वळावर. मग डोळा मिटला. आन् आमेन म्हनायचं सोडून पाळकांनी मधीच आफ्रिकेतल्या राजांसाठी प्रार्थना धरली. तिथनं दर्यावरच्या खलाशांसाठी. तवर भागूबाई येऊन पोचली.

पुढं मग हरेक घराला पाळकांनी अख्खी पृथ्वी फिरून आनली.

शेवटी दारात सावली पडली. साळूबाईनं बघितलं, चांगुणा. पदर खोचलेला, हातात डांगर. भागूबाई मागं कंबर धरून उभी. या शेवटच्या खेपेला दम तुटल्यावर ती थेट चांगुणाच्या दाराशी जाऊन बसली हुती आन् म्हनली हुती, बाई, आता पळवत न्हाई, एवढं तू ने.

चांगुणा आत आली. तिला समदं ठाऊक, समद्यांना समदं ठाऊक, तरी जो तो छताकडं बघतोय. टेबलापाशी यायला आन् हाताला घाम सुटायला एकच गाठ पडली. डांगर सुटलं. फरशीवर आपटून दोन भकलं झाली, बिया पाळकांच्या बुटापातूर गेल्या.

पाळकांनी वाकून शेळीच्या वळाचं भकल उचललं.

"साळूबाई, हे एक फुटलं," ते म्हनले. "बाकीची कुठं आहेत?"

साळूबाईनं कोपऱ्यातली चादर बाजूला केली. मागं भिंत आन् खिडकी. खिडकीत शेळी तोंड घालून उभी.

"साहेब," साळूबाई म्हनली, "लिलावात एकच कोंबडा सात येळा इकला तर देवाला चालतंय. मग एकच डांगर समद्या घरांनी दिलं तर का चालू नये?"

पैली हसली ती चांगुणा. तोंड दाबलं, पन हसू नाकातनं निसटलं, आन् मग समदं देऊळ फुटलं. हसता हसता पोरगी मटकन खाली बसली, डोळ्याला पदर लावला. थोडी रडली बी असंल, बैलासाठी. पन बिया गोळा करता करता तिनंच गानं धरलं, आन् तो आवाज ऐकून शेळीनं खिडकीतनं तोंड काढून घेतलं. साळूबाई भिंतीला टेकून नुसती बघत ऱ्हायली.

औंदा लिलाव न्हाई झाला. डांगर चुलीवर चढलं. समद्या घरांनी मिलोच्या भाकरी आनल्या, आन् म्हनली मानसं, या भाकरीला एवढी चव कवा आली.

ताटं वाढली तवा पाळक प्रार्थनेला उभे ऱ्हायले. घसा पार बसलेला. "देवा, तुझे आभार. आमेन," एवढंच म्हनले आन् बसले.

लोकांचे डोळे मिटायचे ऱ्हाऊनच गेले. पन आता डांगर घेऊन खिडकीपातूर कुनाला जायाचं नव्हतं.