पूर्ण लायसन्स

आमच्या गावात खिळे, कोंबड्यांचं खाद्य आणि शिकारीचं लायसन्स एकाच काउंटरवर मिळतं. काउंटरमागे विल्मा बसते. दर वर्षी ती माझ्या सासऱ्यांना तोच प्रश्न विचारते, आणि त्यांचं उत्तर तिला आधीच ठाऊक असतं.

"फक्त हरणाचं काढू, ऑर्वल, की पूर्ण?"

"पूर्ण. अर्धं काढायला मी काय सुटीवर आलोय इथे?"

पूर्ण म्हणजे हरीण, अस्वल, रानटर्की, ससे, बंदूक, धनुष्यबाण, सगळं एकात, वर्षभरासाठी. माणूस प्रौढ हवा आणि याच राज्यात राहणारा हवा. यंदाही विल्मानं पत्ता विचारला, वजन-उंची विचारली. डोळ्यांबद्दल कुणी विचारत नाही. सही कुठे करायची तिथे मी बोट ठेवलं, तरी पॅपची, म्हणजे सासऱ्यांची, सही रेघ सोडून खाली घसरली. विल्मा गल्ल्याकडे वळली होती, तिनं पाहिलं नाही. मी पाहिलं. माझी लेक लेटी झाल्यापासून मला सगळंच दिसतं: स्टोव्हच्या दिशेला वळलेला पातेल्याचा दांडा, जिन्यावर पडलेला मोजा. पॅप कॉफी ओतताना कपात बोट धरून ठेवतात, तेही दिसतं.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण ऑक्टोबरात एका दुपारी आम्ही मागच्या पायरीवर शेंगा सोलत होतो, आणि पॅप आवाज खाली आणून म्हणाले, "हलू नकोस. कुंपणापाशी हरणाची मादी उभी आहे बघ."

कुंपणापाशी लेटी उभी होती. तीन वर्षांची, तपकिरी कोट घातलेली, खाली वाकून काहीतरी वेचणारी. मी हाक मारली तशी ती धावत आली. पॅप हसले, म्हणाले, चेष्टा केली पोरी. तो कोट मी त्याच संध्याकाळी देऊन टाकला आणि तिला डोळ्यांत खुपेल असा नारिंगी आणला.

डेन्झिलला, माझ्या नवऱ्याला, हे मी चार-पाच वेळा सांगितलं. तो सुतारकाम करतो. बोलायचं नसलं की लाकडाला हात लावून बसतो. पॅपना ते जंगल पाठ आहे, म्हणाला. जंगल पाठ असेल, मी म्हटलं, लेटी पाठ नाही, आणि शिकारीला समोरच्या झाडावरच्या मचाणावर तूही बसलेला असतोस. बापाला कुठल्या तोंडानं सांगू, असं त्यानं विचारलं. सोमवारी शिकारीचा मोसम सुरू होणार होता आणि पॅपनी बूट तेल लावून दाराशी ठेवलेसुद्धा होते.

आदल्या रविवारी आमच्याकडे रायफलींचा नेम तपासतात. कोठारामागे, टेकडीच्या पोटाशी एक ओंडका आहे. त्यावर कागदी प्लेट ठोकायची आणि मधोमध काळा ठिपका काढायचा. लेटीला मी माझ्या आईकडे सोडून आले होते. आधी डेन्झिलनं बार काढला. मग नवी प्लेट लावली आणि पॅप बसले. रायफल टेकवून त्यांनी बराच वेळ तिच्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावला, आधी एक, मग दुसरा. बार झाला. ओंडक्यापासून हातभर लांब माती उडाली.

डेन्झिल प्लेट आणायला गेला. पॅपकडे पाठ करून तो वाकला, पण मी पिकअपच्या बाजूला उभी होते, मला तो कडेनं दिसत होता. त्यानं कानामागची सुतारकामाची पेन्सिल काढली आणि प्लेटमध्ये खुपसली. वळला तेव्हा आमची नजरानजर झाली. त्यानं मान किंचित हलवली: बोलू नकोस.

"ठिपक्याला चिकटून, पॅप," तो मोठ्यानं म्हणाला.

मी तोंड उघडणारच होते. इतक्यात पॅपनी हातमोजा काढला आणि प्लेट मागून घेतली. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. भोकावरून अंगठा फिरवला, प्लेट उलटी केली, मागूनही फिरवला. गोळी कागद साफ कापून जाते. पेन्सिल कागद फाडून मागे ढकलते, कडा उभ्या राहतात. हे मला डेन्झिलनं नंतर सांगितलं.

"तुझी पेन्सिल फार जाड आहे, डेन्झिल."

पॅपनी पँटमध्ये खोचलेला शर्ट बाहेर ओढला.

आमच्या डोंगरात हरणावरचा नेम चुकला की चुकणाऱ्याच्या शर्टाचं टोक कापतात आणि नाव लिहून भिंतीला ठोकतात. आमच्या कोठारात डेन्झिलची पाच-सहा टोकं आहेत. पॅपचं एकही नाही, आणि सणाच्या जेवणाला ते ही गोष्ट सगळ्यांना ऐकवल्याशिवाय उठत नाहीत.

"कागदावर चुकलं तर कापत नाहीत, पॅप," डेन्झिल म्हणाला.

"मग कशावर चुकेपर्यंत थांबू?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या जरा डावीकडे. "रोवेना, तू काप. हा त्यातही लबाडी करेल."

मी पिकअपमधून कात्री आणली.

"त्या दिवशी कुंपणापाशी लेटी होती ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो. तुम्ही हसलात."

"मग काय करणार होतो, पोरी? तिथेच बसून रडू?"

मी कापलं. बोटभर तुकडा पाहून ते म्हणाले, एवढंसं काय, याचा शर्ट मी छातीपर्यंत कापला होता, थंडीनं कुडकुडत घरी गेला होता. डेन्झिल हसायला गेला, पण ते हसू काही नीट जमलं नाही. पॅपनी रायफलीचा बोल्ट, ज्याच्याशिवाय बार निघत नाही, तो काढून त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ बंद केली.

सोमवारी ते तरीही पहाटेच उठले. स्वयंपाकघराची खिडकी उघडून बसले, लेटी मांडीवर, त्यांच्याच जाकिटात गुंडाळलेली. गारठा आत येत होता. दूर कुठे कुठे बार होत होते. हा खोऱ्यातला, हा पुलापलीकडचा, असं ते लेटीला सांगत होते. मग आमच्या टेकडीवरून एक बार आला. त्यांनी बोट वर केलं. दुसरा आलाच नाही.

"एकातच पडलं हरीण," ते म्हणाले, आणि बूट शोधू लागले.

मी म्हटलं, तुम्ही कुठे निघालात, डेन्झिल ओढून आणेल की.

"वर्षभराचं पूर्ण लायसन्स आहे माझ्याकडे. हरीण ओढायला तरी येऊ दे."

शेजारीण आली, तिच्याकडे लेटीला दिलं. डेन्झिलला हाका मारत आम्ही वर गेलो. भलामोठा नर होता. दोरीचं एक टोक डेन्झिलनं घेतलं, एक पॅपनी. मी पुढे चालत वाट सांगत राहिले.

"पुढे ओंडका आडवा आहे."

"दिसला," पॅप म्हणाले, आणि ओंडका यायच्या एक पाऊल आधीच पाय उचलला.