पारोशा फळ्या

खंडेनवमीला मिलच्या सुतारखात्यातली पूजा उरकून रुद्रप्पा दुपारी घरी आला, तर त्याच्या चार फळ्या अंगणात भिंतीला टेकून उन्हात उभ्या. न्हाऊमाखू घातलेल्या, हळदीकुंकवाची बोटं ओढलेल्या, वर झेंडूची एकेक माळ. पाणी अजून निथळत होतं. शेजारी त्याची बायको गंगम्मा, चेहऱ्यावर सणाचं काम वेळेत आटोपल्याचं समाधान.

"समदी हत्यारं धुतली, पुजली," ती मोठ्यानं म्हणाली. अलीकडे ती सगळंच मोठ्यानं बोलायची. "मग फळ्याच तेवढ्या पारोशा कशाला ठेवायच्या? सकाळधरनं हौदात भिजवल्या, काथ्यानं घासल्या. टोकाला मेणाचा किती राप चढला हुता!"

 हातातला प्रसाद कट्ट्यावर टाकून रुद्रप्पानं एकेक फळी उचलून आत सावलीला नेली.

दोन वर्षांपूर्वी मूकपटांच्या तंबूत वाजवायला इनास नावाचा गोव्याचा वादक सोलापुरात आला होता. त्याच्या गिटारीची मान निखळली, ती रुद्रप्पानं बसवून दिली. मग आठवडाभर इनास रोज संध्याकाळी ओट्यावर बसून वाजवून बघायचा. गंगम्माचे कान तेव्हाच मंद व्हायला लागले होते. देवळातली पेटी, शेजारणीची हाक, सगळं तिला घोंगडीआडून आल्यासारखं यायचं. गिटार मात्र लख्ख ऐकू आली. तव्यावरची भाकरी तव्यावर ठेवून ती दारात येऊन बसली. भाकरी करपल्याचा वास तिघांनाही आला, पण उठलं कुणीच नाही.

हिला एक गिटार करून द्यायची, हे रुद्रप्पानं त्याच आठवड्यात ठरवलं. इनासची गिटार कागदावर ठेवून तिचा आकार पेन्सिलीनं उतरवून घेतला. शिवणीच्या झाडाचं ओंडकं आणून फळ्या पाडल्या. लाकूड टोकाकडून आधी वाळतं नि तडकतं, म्हणून टोकांना मेण चोपडलं. माळ्यावर मधेमधे पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचल्या आणि दर अमावास्येला उलट्यापालट्या केल्या. इंचाला एक वर्ष सावली, असं वस्तादांनी शिकवलेलं. फळ्या दोन इंची होत्या. दिवाळीला दोन वर्षं भरणार होती.

बायकोला मात्र त्यानं यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. एकदम समोर ठेवायची हौस! मुळात रुद्रप्पा तोंडाचा कंजूष. माळ्यावर फळ्यांशी पुटपुटायचा तेवढं बायकोशी बोलला असता, तर त्या बिचाऱ्या फळ्यांना आंघोळ तरी घडली नसती.

तिसऱ्या प्रहरी टक्क असा आवाज झाला. रुद्रप्पा दचकला. गंगम्मा शेजारीच जोंधळे निवडत होती, तिनं मान वर केली नाही. थोड्या वेळानं दुसरी फळी बोलली, मग तिसरी, शेवटी चौथी. फळ्या चिरल्याचं दुःख होतंच. पण इतका मोठा आवाज हिला हाताच्या अंतरावर ऐकू आला नाही, याचं दुःख त्याहून मोठं होतं.

चिरलेल्या फळ्या दिसल्यावर गंगम्मा कावरीबावरी झाली. "माज्या हातनं काय इपरीत झालं व्हय?"

"काय न्हाय," तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला. "लाकूड हाय. चिरतं की."

दिवाळीत फटाके वाजले, ते तिनं नुसते पाहिले. रुद्रप्पानं परसात पडलेलं शिवणीचं दुसरं ओंडकं ओढलं. चार महिन्यांपूर्वी तोडलेलं, पोटात अजून ओल. ते चिरायला त्यानं मिलमधल्या सोबत्याला, महादेवप्पाला बोलावलं. करवतीला चिकटणारा ओला भुसा बघून महादेवप्पानं हात आखडता घेतला.

"वल्या लाकडाचं वाद्य? येड लागलं का तुला? उन्हाळ्याला पिळून निघंल. तुजं नाव हाय गड्या सोलापुरात."

"ठाऊक हाय."

"मग थांब की दोन वर्सं."

"मी थांबतो रं," रुद्रप्पा म्हणाला. "तिचं कान थांबत न्हाईत."

 महादेवप्पानं करवतीचं दुसरं टोक धरलं.

वस्तादांनी कान धरून जे जे करू नको म्हणून शिकवलं होतं, ते ते रुद्रप्पानं त्या हिवाळ्यात केलं. फळ्या पातळ तासल्या, चुलीच्या उबेला वाळवल्या, फट दिसेल तिथं सरस भरला. शिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी त्यानं तारा चढवल्या आणि गंगम्माला गुडघ्याला गुडघा लावून बसवलं. येत काय होतं त्याला? इनासची दोन बोटं बघून बघून पाठ केलेली एक चाल, तीही अडखळत.

गंगम्मा आधी नुसती बघत राहिली. मग तिनं त्याचा दंड घट्ट धरला.

"त्येच हाय की! त्यो गोव्याचा मानूस वाजवायचा त्येच!" आणि ती रडायला लागली. "माज्यासाटी केलंत?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की ती पदराला हात पुसत येऊन बसे. चाल एकच होती, तिला एकच पुरत होती.

चैत्र तापला आणि गिटारीचं पोट खचलं. सांधा उकलला, मान पिळवटली. तार छेडली की आतून सैल पत्र्यासारखं खडखडायचं. महादेवप्पाचा शब्दन् शब्द खरा झाला. रुद्रप्पाला स्वतःच्या हाताची लाज वाटली. एके दिवशी त्यानं ती खोळ घालून कोपऱ्यात उभी केली.

संध्याकाळी गंगम्मा येऊन बसली. कोपऱ्याकडे बोट करून म्हणाली, "आज न्हाय व्हय वाजवायचं?"

त्यानं खोळ काढली आणि वाजवायला घेतलं. रस्त्यानं जाणारा एक जण तो खडखडाट ऐकून हसला. गंगम्मानं डोळे मिटले होते. तिची मान हलत होती, ती इनासच्या ठेक्यावर, कुठंही न अडखळता. चाल संपल्यावरही थोडा वेळ हलत राहिली.

"आज लई ग्वाड वाजवलंत," ती म्हणाली.

"व्हय," रुद्रप्पा म्हणाला. मग ते तिच्या कानापर्यंत पोचत नाही हे आठवून त्यानं तिच्याकडे बघत मान डोलावली आणि तीच चाल पुन्हा पहिल्यापासून धरली.