थरथरता वस्तरा

मित्रांनो, या गंजक्या खुर्चीला काय सांगायचे असणार, असे तुम्हाला वाटेल. पण ओहायोतल्या टोलेडो शहरात, क्लेटन वार्गो नावाच्या न्हाव्याच्या दुकानात मी आयुष्य काढले आहे. माझे पाय पोलादाचे, पाठीला लाल कातडे. क्लेटन मला रोज पुसत असे. "तुझ्या खुर्चीत डोळा लागतो रे," असे गिऱ्हाइके म्हणत, आणि मी सुखावत असे.

शेजारच्या खुर्चीपाशी लाइल नावाचे दुसरे न्हावी उभे राहत. वयाने ते क्लेटनच्या वडिलांएवढे होते. गाठीला काही नव्हते, म्हणून अजून उभे. एका सकाळी दाढी करताना त्यांचा हात थरथरला आणि वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्याला लागला. जखम लहान होती, पण टॉवेल लाल झाला. ते गिऱ्हाईक पुन्हा आले नाही. लाइल कितीतरी वेळ वस्तराच धूत राहिले.

दुपारी क्लेटन माझ्यावर बसला. त्याची बायको रोबर्टा शाळेच्या स्वयंपाकघरातले काम संपवून आली होती.

"आता तरी निवृत्तीचं खातं उघड," ती म्हणाली. "दुकान तुझं स्वतःचं. तुला पेन्शन कोण देणार?"

"बाबांना होती ना पेन्शन? कारखाना बुडाला नि ती निम्मी झाली. दुसऱ्याच्या हातात पैसे द्यायची भीती वाटते मला."

"आणि मला लाइलचा हात बघून वाटते."

पुढच्या आठवड्यात निवृत्तीच्या योजना विकणारा एक गोडबोल्या एजंट केस कापायला आला. "डोळे मिटून सही करा," तो म्हणाला. "पैसे हमखास वाढणार."

रोबर्टाने विचारले, "मध्येच गरज पडली तर?"

"तशी वेळ येणारच नाही, मॅडम."

"आली तर?"

"थोडी कपात होते."

"थोडी म्हणजे किती?"

"ते कागदात आहे सगळं."

क्लेटनची कात्री थांबली. त्याने एजंटच्या गळ्याभोवतीचे कापड सोडले.

"अहो, अर्धेच केस कापलेत."

"बाकीचे कागदात आहेत," क्लेटन म्हणाला.

मग नवराबायको बँकेत जाऊन नीट विचारून आले. खात्याच्या दोन तऱ्हा होत्या. एकीत आज करात सूट, पण म्हातारपणी पैसे काढताना कर. दुसरीत कर आजच भरायचा, म्हातारपणी पैसे काढताना कर नाही. "आज हात चालतोय, तर आजच भरतो," असे म्हणून क्लेटनने दुसरी निवडली.

काही वर्षांनी शेअर बाजार कोसळला आणि खात्यातले पैसेही घटले. क्लेटन पांढराफटक होऊन आला आणि सगळे पैसे काढायला त्याने फोन उचलला.

लाइल मागे न वळता म्हणाले, "उद्या हवेत का तुला ते?"

"नाही."

"मग ठेव तो फोन."

त्याने ठेवला. पण त्याची भीती त्या दिवशी मला माझ्या पाठीत जाणवत होती.

लाइल शेवटच्या आजारापर्यंत उभेच राहिले. क्लेटनने मात्र पुन्हा सावरलेल्या खात्याच्या जोरावर, हात शाबूत असतानाच दुकान बंद केले. त्याला विसावा मिळाला आणि मी या भंगारवाल्याच्या छपराखाली आले. दार वाजले की आता मला मोडायला नेणार, अशी भीती वाटते. पण क्लेटनने माझ्यासाठी दुकानातच उभे राहावे, असे मला एकदाही वाटले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी दिवसभर उभे राहून काम करत असेल. पाय थकल्यावर ते कशावर बसणार आहेत, हे त्यांना विचारा. विचारायची भीती वाटेल. तरी आजच विचारा.