दर्याची काळी माती

सौंदडच्या तलावाच्या पाळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं रेल्वेनं आली होती, बैलबंडीनं आली होती, गोंदियाहून तर भाड्याच्या जीपा भरून आल्या होत्या. मंडपात दर्यानाथ महाराज बसले होते आणि त्यांच्यापुढे समुद्राच्या चिखलाचं, घट्ट झाकणाचं पिंप होतं.

“ये मिट्टी नहीं, दर्या की जटा है!” महाराज गरजले. “ढक्कन खुला रखोगे तो शक्ती उड़ जाएगी!”

झाकण उघडलं की सडक्या अंड्याचा वास सुटे. “रोग भाग रहा है, उसी की बदबू है!” असा खुलासा होई, आणि नाकाला पदर लावलेल्या बायाही जयजयकार करत. मग रोग्याच्या पोटावर काळ्याकुट्ट चिखलाचा पातळ हात फिरे. भजन संपेपर्यंत चिखल तांबूस पडे. काळेपणा गेला म्हणजे रोग गेला! वर त्याच चिखलाची वाटाण्याएवढी गोळी गिळायची, ती निराळी.

महाराजांना गावात आणलं होतं पुनारामनं. हा तलाव त्याच्या पूर्वजांनी बांधलेला, म्हणून माती-पाण्याच्या गोष्टीत गाव त्याचा शब्द मानी. त्याच्या सुनेचा, अंजूचा, गर्भ दोनदा राहून पडला होता. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. रोज सकाळी गोळी आणून तिच्यापुढे ठेवायचा तो पुनारामच.

त्या दुपारी शाळेतल्या विज्ञानाच्या राजकुमारी मॅडम त्याच्या ओसरीवर आल्या.

“काका, उन्हाळ्यात तलावातला गाळ काढता, तो कसा असतो?”

“काळा.”

“वास?”

“सडका.”

“आणि धानाच्या बांधीत पसरल्यावर?”

“तांबूस,” म्हणताना पुनारामला महाराजांचा चिखल आठवला. जन्मभर त्यानं तो गाळ डोक्यावर वाहिला होता. हवा लागली की काळा गाळ तांबूस होतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण तोच चिखल लांबच्या समुद्रातून आला आणि शेजारी जटावाला बसला, तर या गड्यानं आपली अक्कल खुंटीला टांगली होती.

“चिखलातल्या लोखंडाला हवा लागते आणि रंग बदलतो. आधीच बदलू नये म्हणून झाकण,” मॅडम म्हणाल्या. “पण मी त्यासाठी नाही आले. एक गोळी नागपूरला कॉलेजात तपासून घेतली. शिसं निघालं, कॅडमियम निघालं. महाराजांचा चेला बोलून गेला, हा चिखल कारखान्यांच्या नाल्याजवळच्या खाडीतला आहे. पाणी समुद्रात जातं, पण जड धातू तळाच्या गाळाला चिकटून साचत राहतात. आईच्या पोटात शिसं गेलं, तर रक्तातून ते लेकरापर्यंत पोचतं.”

अंजू दारात उभी होती. “मामाजी, मंग मी का खाऊन राहिली होती?”

पुनारामला तिच्याकडे बघवेना. “ईख. जहर,” तो म्हणाला. “अन् म्या देऊन राहिलो होतो.”

“पोटातल्याचं का होईन, मॅडम?” अंजूनं विचारलं.

“खरं सांगू? मला ठाऊक नाही. गोळी आजच बंद कर. उद्या गोंदियाला रक्त तपासू.”

पुनाराम उठला, तो थेट तलावात उतरला. तळाचा गाळ दंडावर फासून मंडपात जाऊन उभा राहिला. भजन चालू होतं. लोकांच्या डोळ्यांदेखत त्याचा दंड काळ्याचा तांबूस झाला.

“हा आपल्या तलावाचा गाळ हाय. मले कोणता रोग होता, महाराज?”

“नास्तिक है ये! हटाओ इसे!”

पण निर्मलाबाई उठली. तिच्या कडेवर तापानं सुकलेलं पोर होतं. “पुनारामभाऊ, तुमीच तं म्हनलं होतं, माती खरी हाय. आमी तुमच्या शब्दावर आलो. काऊन म्हनलं?”

शरमेनं पुनारामची मान खाली गेली.

“म्याच म्हनलं, बाई. पारखलं नाई, तसाच बोललो. या मातीत शिसं हाय. माह्या सुनेच्या पोटात गेलं ते आता मले काढता येत नाई. तुमी माह्याही शब्दावर जाऊ नका. आपला गाळ घरी न्या, हाताले फासा, पाहा. समजलं नाई तं मॅडमले विचारा, डॉक्टरले विचारा. पन विचारल्याबिगर कोनाच्या तोंडात काई घालू नका.”

निर्मलाबाईनं पोराच्या गालात बोट घातलं आणि अर्धी विरघळलेली गोळी बाहेर काढली.