राहिलेला डावा पाय

"आई, डावा पाय?"

आईने टॅबलेट टीपॉयवर पालथा घातला आणि खुर्चीची पाठ सोडली. "झालं आजचं."

"तू फक्त उजवा केलास."

"डावा नंतर."

"काल कुठला केला होतास?"

आईने पेरू कापायला घेतला. पेइशानला हे लहानपणापासून ठाऊक होतं. प्रश्न अडचणीचा आला की या घरात एखादं फळ कापलं जायचं.

आई म्हणजे चिनये. चियायी शहरातल्या या गल्लीत अर्धं आयुष्य तिने नाश्त्याची गाडी चालवली. अंड्याच्या पोळ्या लाटल्या, भाजल्या, अख्ख्या शाळेला जेवू घातलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती जिन्यात पडली आणि डाव्या पायाने दगा दिला. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. इस्पितळातले व्यायाम संपल्यावर पेइशाननेच टॅबलेटवर एक फुकटचं व्यायामाचं अ‍ॅप घालून दिलं होतं. त्याच वेळी मायलेकींचं ठरलं होतं: मध्यशरदाच्या, पौर्णिमेच्या सणापर्यंत आई आपला कचरा आपण खाली कचऱ्याच्या गाडीपर्यंत नेऊ लागली, तर ती इथेच राहील. नाहीतर पेइशानकडे ताइचुंग शहरात, लिफ्टच्या इमारतीत. तिकडे खोली रिकामी करून ठेवली होती, पलंगही आला होता. सण आता पुढच्याच आठवड्यात होता.

"दोन महिने तू नुसता उजवा पाय उचलतेयस?" पेइशानचा आवाज चढला. छातीशी बांधलेली तिची तान्ही यूयू दचकली, तशी तिने तिच्या पाठीवर थोपटलं. "आई, पडलीस डाव्यावर."

"उजवा फार छान झालाय," आई म्हणाली. "हात लावून बघ."

पेइशानने टॅबलेट उचलला आणि व्यायाम पहिल्यापासून लावला. हिरव्या कपड्यांतली एक मुलगी घाम पुसत, हसत हसत उजवा पाय वर नेत होती. तो झाला. "आता डावा," असं म्हणायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात पडदा जांभळा झाला. थांबू नका, पूर्ण सभासद व्हा. खाली हाताएवढं सोनेरी बटण. त्याच्याही खाली, बारीक करड्या अक्षरांत: नको, मला माझ्या तब्येतीची पर्वा नाही.

"अगं, हे खालचं दाबायचं. मग डावा लागतो, फुकटच."

"ते काय लिहिलंय ते वाचलंस?"

"वाचलं. नुसतं बटण आहे ते."

"रोज सकाळी उठून मी असं लिहून द्यायचं? मला पर्वा नाही म्हणून?" आईने पेरूची फोड तिच्यापुढे धरली. "पर्वा नसती तर खुर्ची धरून लटकले असते का मी? आणि ती पोर एवढी घाम गाळून शिकवते. तिच्या तोंडावर सांगू?"

"तिला ऐकू जात नाही."

"मला जातं ना."

"म्हणून टॅबलेट पालथा घालायचा?"

"तिने विचारायच्या आतच घालते. म्हणजे तिलाही नकार ऐकायला नको, मलाही द्यायला नको." मग आईला रागच आला. "माझ्या गाडीवर मी एकदा विचारायचे, अंडं घालू का? नको म्हटलं की नको. 'नको, मला उपाशी मरू दे' असं नाही म्हणायला लावलं कुणाला."

पेइशानला हसू आलं आणि लगेच विरलं. तिच्या स्वतःच्या फोनवर बाळाच्या वाढीचं असंच एक अ‍ॅप होतं. त्यानेही एकदा विचारलं होतं, आणि खाली तसंच बारीक अक्षरांत होतं: नको, माझं बाळ मागे पडलं तरी चालेल. यूयू तेव्हा अजून मान धरत नव्हती. पेइशानचं बोट त्या ओळीकडे गेलं नव्हतं. तिने वर्षाचे पैसे भरून टाकले होते आणि नवऱ्याला सांगितलं होतं, सवलत होती.

"दे इकडे," ती म्हणाली. "मी दाबते. मला कुणाची पर्वा नाही असं समजू दे त्याला."

डावा पाय चपलेच्या उंचीइतका वर आला. खुर्ची करकरली. आईचा वरचा ओठ घामाने ओला झाला.

"उजव्यासारखा नाही," आई म्हणाली.

"नाही," पेइशान म्हणाली.

संध्याकाळी गल्लीच्या टोकाला कचऱ्याच्या गाडीची धून वाजू लागली, तशी आईने पिशवीला गाठ मारली आणि दार उघडलं. पेइशान मागोमाग निघाली. एक हात यूयूच्या डोक्यावर, दुसरा आईच्या पाठीमागे हवेत. तिसरा मजला झाला. उजवा पाय पक्का पडत होता. डावा मागून यायचा, बोलावल्याशिवाय आलेल्या पाहुण्यासारखा. दुसऱ्या मजल्यावर तो थरथरायला लागला, आणि आई पायरीवर बसली.

तिथले लायकाका आपली पिशवी घेऊन बाहेर आले आणि सवयीने हात पुढे केला. "द्या, वहिनी."

"आज नको."

"अहो, दोन महिने नेतोय. गाडीवालासुद्धा म्हणतो, काका, केळी फार खाता तुम्ही."

"आज नको म्हटलं ना."

त्यांनी पेइशानकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली. ते उतरून गेले. धून घरासमोर आली, थोडी रेंगाळली, कोपऱ्यावरून वळली आणि ऐकू येईनाशी झाली.

"उद्या रविवार," पेइशान म्हणाली. "गाडी नसते."

"मग परवा."

"परवा मी नसेन इथे."

"ठाऊक आहे."

फोन वाजला. पेइशानचा नवरा विचारत होता, आईचं सामान बांधलंस का, गाडी घेऊन कधी येऊ?

पेइशानने शेजारी पाहिलं. आईने पिशवी मांडीवर घेतली होती आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, जणू फोन दुसऱ्याच कुणाचा होता.

"नाही बांधलं," पेइशान म्हणाली. "डावा पाय राहिलाय अजून. एक महिना तरी लागेल... हो, सणाला आपणच इकडे येऊ."

बसल्या बसल्या आईने डावं पाऊल पायरीवरून उचललं, थोडं धरलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. जिन्यातला दिवा थोड्या वेळाने आपोआप विझतो, बटण दाबून धरलं तरच चालू राहतो. वर येता येता लायकाका त्याच्या बटणापाशी थांबले, आणि बटणावर अंगठा ठेवून, दुसरीकडे बघत, तिथेच उभे राहिले.