उघड्या पाण्याची कबुली

मी गोंदिया शहराच्या कडेचा उघडा जलसाठा बोलतोय. साठ्याने साठवावं, बोलू नये, असं मलाही वाटतं. पण आता माझ्यात साठवायला काही उरलेलं नाही, म्हणून धीर करतो.

पन्नासेक वर्षांपूर्वी धानाची कापणी उरकलेल्या दवनीवाडा गावाकडच्या माणसांनी मला खणलं. कडेला दगड बसवले, तळाला सिमेंट ओतलं. वैनगंगेचं पाणी गाळून, औषध टाकून माझ्यात येई आणि माझ्यातून घरोघरच्या नळांना जाई. शुद्ध झालेलं पाणी पुन्हा उघड्यावर ठेवायचं, यात काही चुकतं आहे का, अशी शंका मला तेव्हापासून येत असे. पण मी कोणाला विचारणार?

माझ्या बांधावर लोक सकाळी फिरायला येत. समोरच्या किराणा दुकानाच्या सुशिलाबाई तर नेमाने. सोबत नात खुशी. जाळीच्या कुंपणातून त्या पाखरांना मूठभर मुरमुरे टाकत. पुण्याचं काम म्हणून टाकत, त्यामुळे मला त्यांचा राग कधी आला नाही. मुरमुऱ्यांना बदकं यायची, बदकांमागून बगळे, पाणकावळे. ती खायची माझ्यावर आणि बाकीचंही माझ्यातच करायची.

तरी मी स्वच्छ दिसत असे. कारण माझा राखणदार केवळराम उजाडताच लांब दांड्याची जाळी घेऊन येई आणि तरंगणारं सगळं काढून लांब खड्ड्यात पुरे. बाई येईपर्यंत मी आरशासारखा. "केवळराम, पानी एकदम काच," असं त्या म्हणत आणि तो मान खाली घालून हसे, आपल्या चुलीवरचा चहा त्यांना देई. बावीस वर्षं हे चाललं.

मग नगरपालिकेने ठरवलं, की मला रिकामं करायचं आणि शेजारी जमिनीखाली दोन बंद टाक्या बांधायच्या. सुशिलाबाई खवळल्या. एवढं सुंदर पाणी बुजवायचं? त्या सह्या गोळा करू लागल्या. चार दिवसांत दोनशेच्या वर झाल्या, आणि काम थांबणार असं लोक बोलू लागले.

मला आनंद झाला, हे लपवत नाही. जगावंसं कोणाला वाटत नाही? पण माझंच पाणी येणाऱ्या नळाखाली खुशी रोज बाटली भरते, हेही मला ठाऊक होतं.

पाचव्या सकाळी माझ्यावर एक मेलेला बगळा तरंगत होता. केवळराम आला. त्याने जाळी उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि बांधावर बसून राहिला. मी गेलो की त्याचं कामही जाणार होतं. मला वाटलं, उठेल. तो उठला नाही.

सुशिलाबाई आल्या, हातात सह्यांचे कागद.

"केवळराम, हे काय तरंगून राहिलं?"

"बगळा हाय, बाई."

"मग काढ ना. बिमार आहेस का?"

"नाई. रोज काढतो. आज नाई काढलो."

"रोज म्हणजे?"

"रोज बगळाच नसते. कधी पाणकावळा, कधी उंदीर. तुमच्या मुरमुऱ्याचा लगदा तर रोजचाच. तुमी यायच्या आधी काढून टाकतो."

"आणि सांगितलं काऊन नाही इतके साल?"

केवळराम म्हणाला, "तुमी म्हणत होत्या, पानी काच हाय. मले बरं वाटे."

"तुझ्या हातचा चहा नाही पिणार मी आता."

"तुमच्या घरच्या चहाचं पानीबी इथलंच हाय, बाई."

सुशिलाबाईंनी खुशीच्या हातातली बाटली घेतली. उजेडात धरून पाहिली. पाणी स्वच्छच दिसत होतं. त्यांनी ती नातीला परत दिली नाही.

सह्या घ्यायला चार दिवस लागले होते; त्या रद्द करून घ्यायला दहा लागले. प्रत्येक दारात त्यांना मुरमुऱ्यांपासून सगळं सांगावं लागलं. एका घरी ऐकावं लागलं, "चाची, दाना तो आप ही डालती थी." त्या म्हणाल्या, "हां, मैं ही डालती थी," आणि पुढच्या घरी गेल्या.

गेल्या आठवड्यात माझं उरलंसुरलं पाणी सोडून दिलं. टाक्या तयार आहेत, वर मातीही पडली आहे. केवळरामला तिथे ठेवतील का, हे अजून कोणी सांगितलेलं नाही. त्याची मला फार काळजी लागली आहे.

जाताना एक विनंती. त्या टाक्यांना झाकण आहे, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. दिसण्यावर विसंबून तुम्ही माझ्या बाबतीत चुकलात, न दिसण्यावर विसंबून त्यांच्या बाबतीत चुकाल. वर्षातून दोनदा झाकण उघडायला लावा, आत उतरून धुवायला लावा. आणि धुणारा वर आला की त्याला विचारा, काय निघालं. त्याला खरं सांगता येईल, असं विचारा.